तिशीत दाताचं डॉक्टर व्हायचंय? आधी चार शनिवार स्टुलावर बसून बघ

पत्र आलंय कळव्याहून, जरा लांबलचक होतं म्हणून थोडक्यात देते:

"ताई, मी 29 वर्षांची, आईबाबा आणि धाकट्या भावाबरोबर राहते. ऐरोलीला आयटी कंपनीत सात वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. 2014 ला बारावी झाले, गणित आणि बायोलॉजी दोन्ही होते, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) 64 टक्के, मेडिकलच्या सीईटीत कमी पडले म्हणून इंजिनिअरिंग घेतलं. नोकरी वाईट नाही पण त्यात जीव नाही. गेल्या वर्षी बाबांचे उरलेसुरले दात काढावे लागले, आयुष्यभर मिश्री लावली त्यांनी. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी कवळी करून दिली आणि किती महिन्यांनी बाबांनी भाकरी मोडून खाल्ली, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हापासून डोक्यात एकच आहे. माझी न्यू जर्सीची चुलत वहिनी बँकेतली नोकरी सोडून 33 व्या वर्षी डेंटल स्कूलला गेली, मग मी का नाही? नीट ही प्रवेश परीक्षा द्यायला वय चालतं का, ॲडमिशन मिळेल का, नोकरी कधी सोडू, आणि आई म्हणते आता लग्नाचं बघायचं सोडून हे काय खूळ, तिला काय सांगू? (बाबांची खालची कवळी अजून टोचते, तरी घालतात.)"

अगं, पहिल्यांदा तुझ्या बाबांच्या भाकरीबद्दल. मी बावीस वर्षं ठाण्याच्या नौपाड्यात दातांचा दवाखाना चालवतेय आणि अजूनही कवळी बसवल्यावर पेशंट आठ-दहा दिवसांनी परत येऊन "डॉक्टर, काल शेंगदाणे खाल्ले" म्हणतो ना, त्या दिवशी मी घरी जाऊन सांगते सगळ्यांना. म्हणजे तुझ्या मनात जे आलंय ते मला नीट कळतंय, खूळ वगैरे काही नाही ते. पण कवळी बसवल्यानंतरचा तो एक क्षण तू बघितलास, त्याच्या आधीचे दात काढणं, हिरड्या भरून येईपर्यंत थांबणं, मापं घेणं, मेणाच्या कडेवर चावून बघणं, दात लावून ट्रायल आणि "अजून जरा पुढे वाटतायत" म्हणून परत सगळं उलगडणं, हे तू बघितलेलं नाहीस, आणि या व्यवसायात दिवसाचे आठ तास त्या आधीच्या भागातच जातात.

वयाचं एका ओळीत सांगते, अडचण नाही. पूर्वी नीटला वरची मर्यादा होती, ओपनला 25 आणि राखीवला 30, ती 2022 च्या मार्चमध्ये काढून टाकली. किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. खाली फक्त एवढंच की ॲडमिशनच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण पाहिजेत, ते तुझे कधीच झालेत.

आता वहिनीचं. तिचं उदाहरण तू घेतलंस ते बरं केलंस, कारण तिथला आणि इथला दरवाजा किती वेगळा आहे हे त्यावरून सांगता येतं. अमेरिकेत डेंटल स्कूल हे पदवीनंतरचं शिक्षण आहे, चार वर्षांचं. पदवी कॉमर्सची असली तरी चालते, पण बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे विषय प्रॅक्टिकलसकट कॉलेजात जाऊन पूर्ण करावे लागतात, वहिनीने नोकरी करता करता संध्याकाळचे क्लास करून ते केले असतील, विचार तिला. मग डॅट नावाची परीक्षा. त्यात सायन्स, गणित, वाचन तर आहेच पण एक भाग नजरेचा असतो, चार कोन दाखवतात आणि लहान कुठला मोठा कुठला ते लावा, ठोकळ्यांची रास दाखवतात आणि किती ठोकळ्यांच्या किती बाजू रंगल्या ते मोजा, कागद घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर भोकं कुठे येतील ते सांगा. त्याशिवाय डेंटिस्टच्या शेजारी उभं राहून किती तास काम बघितलं ते लिहावं लागतं, शिफारसपत्रं लागतात, "मला हे का करायचंय" यावर निबंध लिहावा लागतो आणि मग कॉलेज इंटरव्ह्यूला बोलावतं. म्हणजे वहिनीला आत जाण्याआधी पाच-सहा लोकांनी पाच-सहा प्रकारे विचारलं असणार, की बाई, नक्की ना?

आपल्याकडे यातलं कुणी काही विचारत नाही. नीटचे मार्क, रँक, कागदपत्रं, फी, बस. तुझे हात कसे आहेत, नजर कशी आहे, रक्त आणि थुंकी बघून पोटात कसं होतं, तोंडाच्या वासाचं काय, कुणी म्हणजे कुणी विचारणार नाही. अठराव्या वर्षी कुणाला विचारलं तरी काय सांगणार म्हणा, ती मुलं पहिल्या वर्षी रडून दुसऱ्या वर्षी सावरतात, त्यांच्याकडे वेळ आहे. तुझ्याकडे नोकरी आहे, घराच्या हप्त्यात वाटा असेल, आणि पाच वर्षं आहेत जी परत येणार नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वहिनीला जे तिच्या कॉलेजने विचारलं ते तू स्वतःला विचार, आणि ते घरी बसून विचार करून नाही, खुर्चीशेजारी स्टुलावर बसून. नीटचा फॉर्म, क्लास, राजीनामा सगळं त्याच्या नंतर.

कसं करायचं ते सांगते. बाबांची कवळी ज्यांनी केली त्यांच्याकडेच जा आणि सरळ सांग, डॉक्टर, मला हे क्षेत्र घ्यायचा विचार आहे, चार शनिवार तुमच्याकडे बसू द्याल का, काही हात लावणार नाही, पेशंटची परवानगी असेल तेवढंच बघेन, मोबाइल बाहेर ठेवेन. बहुतेक जण हो म्हणतात, आम्हाला कुणी इतक्या आपुलकीने विचारतच नाही. एक दवाखाना नाही म्हणाला तर दुसरा, कळवा-ठाण्यात प्रत्येक गल्लीत एक आहे. आणि एकाच ठिकाणी बसू नकोस, एक दिवस कवळ्या जास्त करणाऱ्यांकडे, एक दिवस लहान मुलांचे दात बघणाऱ्यांकडे. शिवाय एकदा रजा टाकून नवी मुंबईतल्या एखाद्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे सगळीकडे आहेत, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने सरळ जाता येतं. स्वतःचं स्केलिंग, म्हणजे दात साफ, करून घे तिथे, म्हणजे पेशंट म्हणून. तिसऱ्या वर्षाची पोरं काम करतात आणि मागे सर येऊन बघतात, ती पोरं कशी उभी आहेत, घाबरलीत का, दमलीत का, त्यांच्याशी बोल. ती खरं सांगतील.

स्टुलावर बसल्यावर काय बघायचं? पेशंटच्या तोंडाकडे नंतर बघ, आधी डॉक्टरच्या मानेकडे आणि पाठीकडे बघ. माझी मान चाळिशीत गेली, आता रोज सकाळी वीस मिनिटं व्यायाम केल्याशिवाय मी पहिली अपॉइंटमेंट घेत नाही. मग हाताकडे बघ. वरच्या दाढेत काम करताना आम्ही दाढ सरळ बघत नाही, छोट्या आरशात बघतो, म्हणजे सगळं उलटं दिसतं आणि हात त्या उलट्या चित्राप्रमाणे चालवायचा, तेही पाण्याचा फवारा आरशावर उडत असताना, पेशंटची जीभ मध्ये येत असताना, आणि एका मिलिमीटरच्या आत. मग डॉक्टरच्या बोलण्याकडे लक्ष दे. पेशंट खुर्चीत बसतो तो घाबरलेलाच असतो, लहान मूल असेल तर आई त्याच्याहून घाबरलेली, आणि मधेच कुणीतरी म्हणतं "पलीकडचे डॉक्टर पाचशे कमी घेतात". हे सगळं सांभाळत हात थरथरू द्यायचा नाही.

आणि एक गोष्ट नक्की बघायला मिळेल आपल्याकडे. पंचविशीतला रिक्षावाला किंवा डिलिव्हरीचा मुलगा येतो, म्हणतो तिखट खाल्लं की तोंड भाजतं. डॉक्टर त्याला सांगतात, तीन बोटं उभी करून तोंडात घाल. त्याची दोनच जातात, कधी दीड. गाल आतून पांढरे पडलेले, हाताला दोरीसारखे पट्टे लागतात. सुपारी आणि गुटख्याने होतं ते, आणि पुढे त्यातल्या काहींना कॅन्सर होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तरी माझ्या खुर्चीत अशी पोरं येतात. त्याला ओरडून चालत नाही, घाबरवूनही चालत नाही, पुड्या सोडायला लावायच्या आणि परत बोलवायचं, तो येत नाही, परत फोन करायचा. तुझ्या बाबांना चाळीस वर्षांपूर्वी मिश्रीबद्दल कुणी असं मागे लागून सांगितलं असतं तर, हे तुला त्या मुलाकडे बघून वाटलं आणि पुढचा पेशंट बघायचा उत्साह वाढला, तर मला कळव. आणि बघून नकोसं झालं तरी कळव, त्यात कमीपणा काही नाही.

घरी एक प्रयोग कर. अंगाच्या साबणाची नवी वडी आण, मुलायम असलेली, आणि एक जुनं छोटं चाकू किंवा ब्लेड लावायचं कटर. आरशात स्वतःचा वरचा पुढचा दात नीट बघ, कडा कुठे गोल आहे, मानेपाशी किती निमुळता होतो, आतली बाजू कशी खोलगट आहे. आता तो साबणात कोर, चारपट मोठा. पहिल्या वर्षी बीडीएसला, म्हणजे दाताच्या डॉक्टरच्या पदवीला, हेच असतं, मेणाची वडी देतात आणि एकेक दात कोरायला लावतात, इकडे एक टोक तुटलं की नवीन वडी. पहिला दात खराबच होणार, त्याचं काही नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी काय होतं ते बघ, रात्री साडेअकरा वाजले तरी उठावंसं वाटत नाही की पंधरा मिनिटांत कंटाळा आला. तू लिहिलं नाहीस पण मेंदी, रांगोळी, भरतकाम असलं काही करत असशील तर हाताला वळण आहे असं समजूया, तरी ते पुरेसं नाही. दुसरं, कागदावर चांदणी काढ, कागदापुढे आरसा उभा कर, हाताखालचा कागद झाक आणि फक्त आरशात बघून त्या रेघेवरून पेन्सिल फिरव. पहिल्यांदा हात जागेवरच अडकतो, सगळ्यांचा अडकतो.

हे सगळं होऊन तुझं मन पक्कं असेल तर मग दरवाजाचं बघूया.

पात्रतेचं तुझं सोपं आहे. बारावीला बायोलॉजी होतं, पीसीबीला ओपनला 50 टक्के लागतात, राखीवला 40, तुझे 64 आहेत. (तुझ्यासारखं पत्र मला पीसीएमवाल्यांचंही, म्हणजे बायोलॉजीऐवजी गणित घेतलेल्यांचंही, येतं, बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी जादा विषय घेऊन देणाऱ्यांचाही नीटसाठी विचार व्हावा असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये ठरवलंय, त्यांनी त्या वर्षीचं माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचावं.) दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल असेल तर राज्याच्या कोट्यात येशील. सरकारी कॉलेजातल्या 85 टक्के जागा आणि खाजगी कॉलेजांचे प्रवेश राज्याचा सीईटी सेल करतो, सरकारीच्या उरलेल्या 15 टक्के आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेश दिल्लीची एमसीसी म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटी करते, दोन्हीकडे वेगळं रजिस्ट्रेशन. बारा वर्षांच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, इंजिनिअरिंगचा टीसी, मायग्रेशन शोधून ठेव, कपाटाच्या वरच्या बॅगेत असेल. कॅटेगरी लिहिली नाहीस, असेल तर जात पडताळणी आणि नॉन क्रिमिलेअर आत्ताच काढायला घे, ऐनवेळी ठाण्याच्या सेतूत रांगा लावत बसू नकोस.

तू विचारलंस ॲडमिशन मिळेल का. इथे मी थोडं वेगळं उत्तर देते. बीडीएसची सीट मिळणं फार अवघड राहिलेलं नाही, खाजगी कॉलेजात शेवटच्या फेरीपर्यंत जागा रिकाम्या राहतात. 2020-21 ला तर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बीडीएससाठी पात्रतेचा पर्सेंटाइल दहाने खाली आणावा लागला होता. अवघड आहे ती सरकारी सीट, मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर. तिथली फी तुझ्या साठवलेल्या पैशातून निघेल. खाजगीत चार वर्षांचा हिशोब केला की घाम फुटतो. म्हणून "मिळेल का" यापेक्षा "कितीत मिळेल" हा प्रश्न तुझ्यासाठी मोठा आहे. सीईटी सेलच्या साइटवर गेल्या दोन-तीन वर्षांच्या कटऑफच्या याद्या असतात, तुझ्या कॅटेगरीला नायर आणि सरकारीला शेवटचा मार्क किती होता तो वहीत पहिल्या पानावर लिही. खाजगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजवार दिसते, तीच बघ, एजंटच्या व्हॉट्सॲपवर आलेला आकडा बघू नकोस. त्यात हत्यारं, ॲप्रन, पुस्तकं, मेण-प्लॅस्टर धरलेलं नसतं, ते वेगळं.

आणखी एक, मुलींसाठी महत्त्वाचं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी पूर्ण माफ आहे. पण आधीच एक पदवी घेतलेल्या आणि नोकरी केलेल्या मुलीला ती कशी लागू होते हे महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या साइटवरच्या अटी वाचून, कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर लेखी विचारून घे, मिळणारच असं धरून हिशोब मांडू नकोस. कर्जाचं म्हणशील तर साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, त्याच्या वर मागतात, आणि तारण म्हणजे बाबांचं घर, तेव्हा तो कागद पुढे करण्याआधी भावाशीही बोल.

नोकरी. आत्ता सोडायची नाही. मी हे घाबरवायला सांगत नाही, नीट ही अकरावी-बारावीची परीक्षा आहे, 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 मार्क, बरोबरला चार, चुकलं तर एक वजा, आणि त्यातले अर्धे मार्क म्हणजे 360 एकट्या बायोलॉजीचे. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पाया तुझा इंजिनिअरिंगमुळे थोडाफार शिल्लक असेल, बायोलॉजी बारा वर्षांत पूर्ण पुसलं गेलं असणार. म्हणून पहिले पाच-सहा महिने नोकरी करत फक्त बायोलॉजी, एनसीईआरटीची अकरावी-बारावीची दोन पुस्तकं, ओळ न् ओळ, आकृतीखालचं बारीक अक्षरसुद्धा. आपल्या स्टेट बोर्डाची सवय असलेल्यांना तिथेच फटका बसतो, प्रश्न त्या पुस्तकाच्या वाक्यातून उचललेले असतात. अभ्यासक्रम 2024 पासून थोडा कमी केलाय, तेव्हा भावाच्या मित्राचे जुने क्लास नोट्स आणू नकोस. सकाळी साडेपाच ते साडेसात रोज आणि शनिवार-रविवार जास्त, कळव्याहून ऐरोली जवळ आहे हे तुझं नशीब, दोन तास लोकलमध्ये जाणाऱ्यांना हे जमत नाही. दिवाळीनंतर पूर्ण पेपर सोडवायला लाग, टायमर लावून, दुपारी दोन ते पाच याच वेळात, कारण परीक्षा त्याच वेळी असते आणि तुला त्या वेळी ऑफिसात चहाची सवय आहे. जानेवारीत पाच पेपरचे मार्क पहिल्या पानावरच्या आकड्याशी लावून बघ. जवळ आलेत तर शेवटच्या तीन महिन्यांसाठी बिनपगारी रजा मिळते का बघ, नसेल मिळत तर तेव्हा राजीनाम्याचा विचार कर. खूप लांब असशील तर नोकरी चालू ठेवून अजून एक वर्ष. दोन प्रयत्न ठरव आणि घरी सांग, दोन, तिसरा नाही. मी बघितलंय, "एकदा अजून" करत करत माणसं पस्तिशीला पोचतात आणि हातात ना नोकरी ना सीट.

एकदा सीट मिळाली की मात्र नोकरी संपली. बीडीएस पार्टटाइम नाही, ऑनलाइन नाही, हजेरी 75 टक्के लागते, चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, डिसेक्शन हॉल, दुसऱ्या वर्षी प्लॅस्टरचे साचे आणि फँटम हेड म्हणजे खुर्चीला लावलेलं खोटं डोकं, त्यावर दात कोरायचे, तिसऱ्या वर्षापासून खरा पेशंट. आणि तिथे कोटा असतो, एवढे दात काढले पाहिजेत, एवढ्या कवळ्या, एवढे फिलिंग, तेव्हा कुठे परीक्षेला बसता येतं. पेशंट आपणहून येतोच असं नाही. आमच्या वेळी मुलं वॉचमनला, कँटीनच्या पोऱ्याला, गावाकडच्या आजीला आणायची, मी आमच्या भाजीवाल्या मावशींना गळ घातली होती, त्यांची कवळी केली, तीन वेळा चुकली, त्या दर वेळी पहाटेचा माल सोडून आल्या. वय जास्त असल्याचा तुला इथे फायदा आहे, तुझ्या ओळखी आहेत, माणसांशी कसं बोलायचं हे ऑफिसने शिकवलंय, पेशंट तुझ्यावर एकोणीस वर्षांच्या पोरापेक्षा लवकर विश्वास ठेवेल. तोटा एवढाच की तुला शिकवणारी असिस्टंट प्रोफेसर तुझ्याहून लहान असेल आणि ती सगळ्यांसमोर "हे परत करून आणा" म्हणेल, तेव्हा सात वर्षांचा अनुभव घरी ठेवून जावं लागतं.

माझ्याकडे दोन वर्षं एक मुलगी असिस्टंट डॉक्टर होती, आधी औषध कंपनीत नोकरी करून मग बीडीएसला आलेली, पास झाली तेव्हा तिशी ओलांडली होती. हात अतिशय चांगला. पण माझ्याकडे यायच्या आधी एका दवाखान्यात तिला सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा काम करून जो पगार मिळायचा तो तिच्या जुन्या नोकरीच्या निम्म्याहून कमी होता, आणि तोही दर महिन्याला मागावा लागायचा. मी तिला जास्त दिला पण जुन्या पगाराइतका मीही देऊ शकले नाही, दवाखान्याचं गणितच तसं आहे. हे मला तुझ्यापासून लपवायचं नाही. तू 31 ला आत गेलीस तर 36 ला इंटर्नशिप संपेल, त्यानंतर पहिली तीन-चार वर्षं असंच दुसऱ्याच्या खुर्चीवर, आणि एमडीएस म्हणजे पुढची मास्टर्स पदवी करायचं ठरवलंस तर परत नीट-एमडीएस आणि तीन वर्षं. स्वतःचा दवाखाना म्हणजे खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, त्या एक्स-रेची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, आणि ठाण्यात गाळ्याचं भाडं, जे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. आज मिळणारा तुझा पगार आणि चाळिशीपर्यंतचं हे सगळं एका कागदावर दोन रकान्यांत मांड, खोटं न बोलता. माझी ती असिस्टंट आता डोंबिवलीत स्वतःचा छोटा दवाखाना चालवते, खूष आहे, मागच्या महिन्यात एक अवघड अक्कलदाढ तिने फोटो काढून पाठवली मला रात्री दहा वाजता. तिला परत विचारलं तर हेच करेन म्हणते. पण तिच्या नवऱ्याचा पगार त्या वर्षांत घर चालवत होता हेही ती सांगते.

यावरून आईचं. आईला खूळ वाटतंय कारण तिच्यापुढे तू फक्त इच्छा ठेवलीस. तो दोन रकान्यांचा कागद तिच्यापुढे ठेव, चार शनिवारांचं काय बघितलंस ते सांग, दोनच प्रयत्न हे सांग, हप्त्यातला तुझा वाटा कोण भरणार हे भावासमोर ठरव. लग्न तिला हवंय आणि तुलाही नको असं तू कुठे लिहिलेलं नाहीस. मग स्थळ बघायला हरकत काय, फक्त पहिल्या भेटीतच मुलाला सांगायचं, मी पाच वर्षं विद्यार्थिनी असणार आहे आणि त्यानंतरही लगेच कमावणार नाही. हे ऐकून जो थांबेल त्याच्याशीच पुढचं बोलावं. आईलाही तेच सांग, ती जितकी दुखावली वाटतेय तितकी नाहीय गं, तिला भीती आहे की तू हातचं सोडशील.

आणि चार शनिवारांनंतर असं वाटलं की दात आवडतात पण पाच वर्षं नाही जमणार, तर तेही लक्षात ठेव की या क्षेत्रात डॉक्टर होण्याशिवायही कामं आहेत. डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या-कॅपा बनवणारे) यांचे दोन वर्षांचे कोर्स आहेत, बारावी सायन्सवर. कवळ्या-कॅपा बनवणाऱ्या लॅब आता कॉम्प्युटरवर दात डिझाइन करतात, तोंडाचं स्कॅन येतं आणि स्क्रीनवर दाढ घडवायची, तुझ्यासारख्या इंजिनिअरला ते लवकर येईल. बाबांची कवळी ज्या लॅबमध्ये झाली ती कुठे आहे ते डॉक्टरांना विचार आणि एकदा जाऊन बघ, प्लॅस्टरच्या धुळीत बसून लोक काय नाजूक काम करतात ते.

आता बाबांच्या खालच्या कवळीचं, जे तू कंसात लिहिलंस. टोचतेय तरी घालतात हे बरोबर नाही. घरी कानस किंवा ब्लेड लावू देऊ नकोस, खूप जण लावतात आणि मग कवळी कायमची ढिली होते. डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या दिवशी आणि त्या सकाळी दोन-तीन तास कवळी घालून ठेवायला सांग, म्हणजे कुठे टोचतेय तो लाल डाग डॉक्टरांना दिसतो, एरवी बाबा रात्री काढून पाण्यात ठेवत असतीलच, नसतील तर ठेवायला लाव. आणि मिश्रीचं तोंड आहे म्हणून सांगते, ज्या जागी टोचतंय ती जखम कवळी नीट केल्यावर दोन आठवड्यांत भरली पाहिजे, नाही भरली किंवा कुठे पांढरा-लाल चट्टा दिसला तर अजिबात थांबायचं नाही, तपासून घ्यायचं. याच शनिवारी घेऊन जा त्यांना. डॉक्टर कवळी उलटी करून त्यावर पेस्ट लावतील, बाबांच्या तोंडात बसवून काढतील आणि जिथली पेस्ट पुसली गेलीय तेवढाच ठिपका घासतील. तेव्हा बाहेरच्या बाकावर बसू नकोस, विचारून आत जा आणि बघ.